माझ्या पाठीवरचं डांबर

मित्रांनो, मी एक जुना टिनाचा पत्रा आहे. बुलढाण्याकडच्या धाड गावाजवळच्या एका खेड्यात, गावाच्या उगवतीला जी वस्ती आहे तिथे, एका रिकाम्या घरावर मी पडून आहे. गावाचं नाव सांगत नाही. सांगून काय होणार? असली गावं काही एकच नसतात. माझी पाठ काळीकुट्ट आहे. घरात शिरून खालून पाहाल तर मी अजून जरासा चकाकतो, कारण तिकडे कोणी हात लावला नाही. जे काही वाट्याला आलं ते सगळं पाठीवर आलं.

जन्मलो तेव्हा मी असा नव्हतो. दूर पूर्वेकडच्या एका कारखान्यात लोखंड लाटून मला बनवलं, अंगावर नाल्या पाडल्या आणि जस्ताच्या वितळलेल्या रसात बुडवून काढलं. काय रूप होतं माझं तेव्हा! ऊन पडलं की बघणारा डोळ्यांवर हात धरायचा. उजेडाचा स्वभाव तुम्हाला ठाऊक असेल. तो पडला की वाया जात नाही. चकचकीत अंगावर पडला तर त्यातला बराचसा आल्या पावली परत जातो. काळ्या अंगावर पडला की आत शिरतो, आणि आत शिरला की तो उजेड राहत नाही, त्याची धग होते. तुम्हाला हे शाळेत मास्तर फळ्यावर शिकवतील. मी ते पाठीवर शिकलो.

मालगाडीतून मी मलकापूरला उतरलो. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं. स्टेशनाजवळच्या एका दुकानापुढे आम्हाला भिंतीला टेकवून ठेवलं होतं. कापसाच्या गाड्या समोरून जायच्या, आणि सरकी काढायच्या जिनातून सुटलेले मजूर डोक्याला कापसाची तुसं घेऊन आमच्यापुढून घरी जायचे. त्यातला एक रोज थांबायचा. त्याचं नाव माणिकराव. हंगामभर तो जिनात राबायचा आणि एरवी गावी दुसऱ्यांच्या शेतात. तो आमच्यावर बोटाची पेरं वाजवून बघायचा, खालून वाकून भोकं आहेत का पाहायचा, आणि निघून जायचा. मला वाटायचं, हा काही घेत नाही. दिवाळीआधी एक दिवस त्यानं आम्हाला घेतलं.

कशासाठी घेतलं ते पुढे कळलं. त्याच्या गावच्या घरावर गवताचं छप्पर होतं. आदल्या वर्षी भर पावसात त्याच्या बायकोचं, चांगुणाचं, पहिलं बाळंतपण झालं. छप्पर ठिकठिकाणी गळत होतं. ती माउली बाळाला घेऊन या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकत राहिली, पण बाळाच्या छातीत गारठा भरला तो भरलाच. ते मूल गेलं. चांगुणाला पुन्हा दिवस गेले तेव्हा माणिकरावानं ठरवलं की आता काही होवो, या खेपेला लेकराच्या डोक्यावर थेंब पडू द्यायचा नाही. म्हणून मी आलो, मित्रांनो. मी कोणाच्या हौसेसाठी आलो नाही.

एसटीच्या टपावर बांधून आम्हाला बुलढाण्याला आणि तिथून धाडला नेलं. धाडपासून गुलाबरावांची बैलगाडी होती. गुलाबराव म्हणजे वस्तीतले वडीलधारे. वस्तीनं बुद्धाचा धम्म स्वीकारला तेव्हा सगळ्यांच्या पुढे तेच होते. वासे ठोकले, आम्हाला चढवलं, खिळे मारले, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवले. वस्तीतलं ते पहिलं टिनाचं घर. बायका येऊन खालून वर बघायच्या. गुलाबराव तर म्हणाले, आता खरं घर झालं. तसलं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

गावाच्या मावळतीला उंचवट्यावर वामनरावांचं घर. मोठी जमीन, बैलांच्या जोड्या, वर जाड मातीचं धाबं. सकाळी ऊन जरा वर आलं की वामनराव ओट्यावर बाजेवर बसून चहा घ्यायचे, तोंड उगवतीकडे. माझा उतार त्यांच्या बाजूला होता. सूर्य मागून चढला की माझ्या पाठीवरून उजेड उसळून थेट त्यांच्या ओट्यावर जायचा. चहा थंड व्हायच्या आत माझी तिरीप तिथून सरकूनही जायची. पण तेवढी पुरली.

त्यांनी माणिकरावाला बोलावलं. रागावले नाहीत हं. वामनराव रागावणाऱ्यातले नव्हते. बसायला सांगितलं नाही, एवढंच. म्हणाले, तुझ्या टिनाचा उजेड डोळ्यांत येतो, रस्त्यानं जाताना बैल बुजतात, उद्या गाडी उलटली तर जबाबदार कोण? माणिकरावानं विचारलं, मग काय करू? वामनरावांनी उपाय तयारच ठेवला होता. धाडच्या नव्या रस्त्याचं डांबर त्यांच्या गोठ्यात पिंपभर उरलेलं होतं. त्यातलं अर्धं त्यांनी स्वतःच्या गाडीतून वस्तीत पाठवलं, फुकट. गावभर बोलबाला झाला की बघा, वामनराव किती मोठ्या मनाचे! ओट्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि वर दानशूर म्हणवून घ्यायचं, हे ज्याला जमतं त्याला जमतं.

तीन दगडांवर डबा ठेवून डांबर उकळलं. बारदानाचा बोळा काठीला बांधून माणिकरावानं ते माझ्या पाठीवर फासलं. चटका बसला, पण त्याहून वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. खाली पुन्हा जमलेल्या बायका या वेळी वर न बघताच घरी गेल्या.

आता खरी गोम ऐका. हे सगळं थंडीत झालं. बुलढाण्याच्या घाटावरची थंडी हाडं गोठवते. काळा झालेला मी दिवसभर ऊन पिऊन घ्यायचो आणि खाली घरात ऊब सोडायचो. चांगुणा अवघडलेली होती, तिला ती ऊब बरी वाटायची. मार्गशीर्षात ती बाळंत झाली. मुलगी झाली. नाव यशोधरा ठेवलं, हाक येशी. थंडीवाऱ्याचं ते लेकरू माझ्याखाली सुखानं निजायचं, आणि माणिकराव लोकांना सांगायचा की डांबर लागलं ते एका परीनं चांगलंच झालं. माघातल्या उन्हावरून वैशाखाचा हिशेब करायला गेला बिचारा.

होळी झाली आणि ऊन बदललं. चैत्रात तर माझ्यावर कावळासुद्धा टेकेना. पाय ठेवायचा आणि उडायचा. येणारा सगळा उजेड आत घ्यायचा, हे आता माझं काम झालं होतं. मला ते काम कोणी विचारून दिलं नव्हतं. आत घेतलेली धग ठेवू कुठे? वर आभाळात थोडी जायची, उरलेली खाली. आणि खाली, माझ्यापासून हातभर अंतरावर, आढ्याला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत येशी.

पोर आधी चिडचिडी झाली, मग गप्प झाली. गप्प झाली ते वाईट. अंग पोळायचं, ओठ सुकायचे, दूध ओढायची ताकद नाही. टाळू आत गेली. चांगुणा दुपारी तिला लिंबाखाली घेऊन बसायची, तर तिथे झळा सुटलेल्या. ओलं फडकं अंगावर टाकलं तर ते बघता बघता वाळायचं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. एक लेकरू पाण्यानं नेलं, आता दुसरं उन्हानं जाणार का, हा प्रश्न त्या बाईच्या तोंडावर लिहिलेला मी रोज बघत होतो. धाडच्या दवाखान्यात नेलं, तर त्यांनी पाणी पाजून धीर दिला आणि सांगितलं की पोरीला गार जागेत ठेवा. गार जागा गावात होती ना! वामनरावांच्या जाड धाब्याखाली भर दुपारीही अंगावर पांघरूण घ्यावंसं वाटायचं. पण ती जागा चांगुणाच्या लेकरासाठी नव्हती, आणि तिनं ती मागितलीही नाही.

त्याच सुमारास वामनरावांनी आपल्या बैलांच्या गोठ्यावर नवे पत्रे घातले. वस्तीतलं टिन बघूनच त्यांना ते सुचलं असावं. कोरे करकरीत, जन्मलो तेव्हा मी होतो तसे. संध्याकाळी त्यांची तिरीप वस्तीवर पडायची. कोणाचे बैल बुजले नाहीत. वामनरावांचे तर मुळीच नाहीत, ते त्याच पत्र्यांखाली निवांत रवंथ करत बसायचे. डांबराचं पिंप तिथेच कोपऱ्यात उभं होतं, अर्धं भरलेलं. त्याचं झाकण कोणी उघडलं नाही.

मग चौदा एप्रिलची जयंती आली. वस्तीत घरोघरी चुना लागतो त्या दिवसांत. माणिकराव शिडीवर चढून भिंतीचा वरचा भाग रंगवत होता. बादली त्यानं माझ्यावर टेकवली होती. ती कलंडली आणि उरलेला चुना माझ्या पाठीवर सांडला. त्यानं जीभ चावली आणि राहू दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चांगुणा झोळीची दोरी बांधायला उभी राहिली. तिचा हात चुकून मला लागला, आणि ती तशीच उभी राहिली. दुसरीकडे हात लावून पाहिला, चटकन मागे घेतला. पुन्हा पहिल्या जागी लावला. तिथे हात ठरत होता.

तिनं नवऱ्याला हाक मारली. तो म्हणाला, काहीतरीच. मग त्यानंही हात लावून पाहिला. त्याचाही हात ठरला. पांढऱ्या रंगाची करामत ही अशी असते, मित्रांनो. तो उजेड आत घेत नाही, आणि आरशासारखा एका जागी फेकतही नाही. चारी दिशांना पसरून टाकतो. म्हणून त्याच्याखाली धगही कमी आणि त्याच्याकडे बघणाऱ्याच्या डोळ्याला तिरीपही नाही. मी स्वतः कोरा होतो तेव्हासुद्धा इतका गार नव्हतो, खोटं कशाला बोलू?

चांगुणानं वेळ घालवला नाही. चुना नुसता डांबरावर धरत नाही, म्हणून बाभळीचा डिंक भिजवून त्यात कालवला. शिडीवर ती स्वतः चढली. सगळं छप्पर पांढरं केलं, वाळलं की पुन्हा एक हात मारला. दोन-चार दिवसांत येशी दूध ओढायला लागली. एका दुपारी ती झोळीत मोठ्यानं रडली तर चांगुणाला हसू फुटलं. इतके दिवस त्या पोरीच्या रडण्यात जोरच नव्हता. माझ्या सगळ्या आयुष्यात मी कामाला आलो असेन तर ते त्या पंधरवड्यात.

वामनरावांचा निरोप आला: छप्पर पुन्हा काळं कर.

माणिकराव जायला निघाला, तर चांगुणा म्हणाली, मी येते. पोर कडेवर घेऊन ती सकाळी चहाच्या त्याच वेळी त्यांच्या ओट्यासमोर गेली. तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही, पण आल्यावर दोघांनी गुलाबरावांना सांगितलं ते माझ्याखालीच बसून. तिनं वामनरावांना म्हटलं, मालक, आता दाखवा, कुठे येतो उजेड डोळ्यांत? बाप दाखव नाही तर श्राद्ध कर, असा तो सवाल होता. वामनरावांनी समोर पाहिलं. ऊन चढलेलं होतं, छप्पर पांढरं दिसत होतं, तिरीप कुठेच नव्हती. मग चांगुणानं गोठ्याकडे बोट केलं.

"तुमच्या बैलायच्या डोक्यावर डांबर नाही, मालक. मंग माह्या लेकराच्याच डोक्यावर काऊन?"

त्यावर वामनराव शांतपणे म्हणाले, "उजेडाचं सोड. सकाळी उठून बसलो का गावात पह्यले तुमचंच घर दिसते. ते नाही दिसलं पाह्यजे."

बस्. एवढंच होतं ते. उजेड नव्हता, बैल नव्हते, उलटणारी गाडी नव्हती. मी डोळ्यात खुपत होतो तो चकाकतो म्हणून नव्हे, तर वस्तीतलं घर असून दिसतो म्हणून. आधीच तसं म्हणाले असते तर निदान मला उगीच वाटलं नसतं की दोष माझ्या जस्ताचा आहे.

माणिकरावानं छपराला हात लावला नाही. आठवडा गेला. पेरणीआधीची कामं निघाली होती. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायच्या, धसकटं वेचायची, शेणखत टाकायचं. दरवर्षी वस्तीतल्या बायका-माणसांना वामनरावांच्या घरून बोलावणं यायचं. या वर्षी कोणालाच आलं नाही. वामनरावांनी कोणाला धमकी दिली नाही, कोणावर हात उगारला नाही. ते फक्त ओट्यावर बसून चहा पीत राहिले, आणि त्यांच्या भाऊबंदांनीही आपापल्या शेतात दुसऱ्या गावचे मजूर आणले. वस्तीत चुली पेटेनात. पहिले काही दिवस लोक चांगुणाला शाबास म्हणत होते. मग ते तिच्या दारावरून जाताना मान खाली घालू लागले, आणि नंतर मान वर करून बघू लागले. ते बघणं वाईट होतं.

शेवटी गुलाबराव आले. ज्यांच्या गाडीतून मी आलो, ज्यांनी मला पहिल्यांदा नावाजलं, तेच. ते वाईट माणूस नव्हते, हे मी आजही सांगेन. त्यांना माणिकरावाच्या डोळ्यांत बघता येत नव्हतं. जमिनीकडे बघत ते म्हणाले, "माणिका, पोर तुही एक हाये बापा. चुली साऱ्याईच्या बंद हायेत."

माणिकरावापुढे दोन बाजू होत्या आणि दोन्हीकडे लेकरंच होती. त्यानं चांगुणाकडे पाहिलं. मला वाटलं ती ओरडेल, रडेल. ती म्हणाली, "फासा. त्यायच्या लेकरायनं उपाशी नाही मरलं पाह्यजे. पण मंग याच्याखाली मी अन् माही पोर राहत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीन दगड मांडले. वामनरावांकडून उरलेलं डांबर आलं, याही वेळी फुकट. माणिकराव वर चढला. वस्तीतली माणसं आपापल्या दारात उभी होती, मदतीला कोणी आलं नाही आणि अडवायलाही कोणी आलं नाही. चांगुणाच्या हातचा तो पांढरा थर एकेका फटकाऱ्यासरशी माझ्यावरून नाहीसा झाला. माणिकरावाच्या तोंडाला धूर लागत होता, तो पुन्हा पुन्हा बाहीला डोळे पुसत होता. धुरानं पुसत होता म्हणायचं, दुसरं काय?

तो खाली उतरला तेव्हा चांगुणा गाठोडं बांधून दारात उभी होती. मलकापूरला जिनाजवळ तिची मावशी राहायची, तिथे ती निघाली होती. हंगाम सुरू झाला की तोही तिकडेच येणार होता, पण तोवर गावी कामाला राहणं भाग होतं. नाही तर बोलावणं पुन्हा थांबलं असतं. येशीनं बापाला पाहिलं आणि आईच्या कडेवरून दोन्ही हात त्याच्याकडे टाकले. नुकतीच ती माणूस ओळखायला शिकली होती.

माणिकरावानं हात पुढे केले आणि तसेच थांबवले. कोपरापर्यंत डांबर होतं, चिकट आणि अजून गरम. त्यानं ते मातीत घासले, भिंतीला पुसले, निघेना. पोर हात पसरून वाट पाहत होती. धाडची एसटी चुकली असती. चांगुणा म्हणाली, येते, आणि वळली. माणिकराव दोन्ही हात अंगापासून दूर धरून, ती दिसेनाशी होईपर्यंत माझ्या सावलीत उभा होता.

दिवाळीनंतर तोही गेला. पुढे कधीतरी येऊन त्यानं दाराची चौकट काढून नेली. मला नेलं नाही. वर पाहिलंसुद्धा नाही त्यानं. मी रागावलो नाही त्याच्यावर. वस्तीला कामं परत मिळाली, वामनरावांचा चहा गोड झाला, आणि मी दर उन्हाळ्यात रिकाम्या घराला भाजत पडलो आहे. येशी जगली, एवढं गुलाबरावांच्या बोलण्यातून कळलं. मला तेवढं पुरतं असं म्हणणार होतो, पण नाही पुरत. तिच्यासाठी आणलं होतं मला, आणि ती दुसऱ्याच्याच छपराखाली मोठी झाली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आमची निगा राखा, आम्हाला गंजू देऊ नका. मला तसलं काही नको. मला घासू नका, उतरवू नका, भंगारात घातलंत तरी चालेल. माझं मागणं वेगळं आहे. उद्या तुमच्यातला कोणीतरी मोठा होईल, त्याला उंचावर घर होईल, ओटा होईल. सकाळी चहा घेताना समोरच्या कोणाचं तरी नवं घर तुमच्या डोळ्यांवर येईल. तेव्हा त्याला बोलावणं धाडू नका, डांबर तर अजिबात धाडू नका. उठा, आणि आपली बाज फिरवून बसा.